कारबोरेटरवरचं नाव

४ नोव्हेंबर, सोमवार

माह्या गाडीची सीट मागं कोणी ढकलली? श्री मंग लिहीन. आधी हे.

मी ठेंगणी. सीट पार पुढच्या खाचेत आणून, पाठीमागं उशी घालून चालवते. तीस वर्षं तीच खाच. आज सकाळी अकोल्याहून निघाली त पाय क्लचले पोचेना. म्हणजे दिवाळीचे चार दिवस गाडी तिथं उभी होती, तवा कोणी लंबूटांग्या तिच्यात बसला. गजानन, माह्या दिराचा पोरगा, सहा फुटाचा हाय. फोन करून इचारलं. म्हणते, "मोठी माय, मी त फक्त सावलीत लावली."

सावलीत लावाले सीट मागं लागते?

श्री.

५ नोव्हें., मंगळ

काल लिहाचं रायलं. भाऊबीजेच्या जेवणावर गाडीचा निकाल लावला लोकाइनं. उद्या कोणी म्हणन बुढीनं कबूल केलं होतं, म्हणून लिहून ठेवते.

घरात दोन अँबॅसिडर. दोन्ही पांढऱ्या, दोन्ही पेट्रोलच्या, दोघा भावाइनं एकाच दिवशी घेतल्या. फुलाचा धंदा होता, टोपल्या न्याले. एक आमच्या घरी अमरावतीले, कागद माह्या नावावर. दुसरी अकोल्याले दिराच्या घरी. दोघंही भाऊ गेले. आता गाड्या हायेत आन आमी दोघी जावा. मी आन इंदू.

दोन्हीची आरटीओची पासिंग आली. सुटे भाग कुठं भेटत नाईत. त माह्या पोरानं, विनोदनं, आन गजाननं ठरवलं का एकच ठेवाची. दुसरी खोलाची, तिचे भाग काढून पहिलीले लावत राहाचे. एकीचं पोट फाडून दुसरीले जगवाचं. हे बोलताना बासुंदी खाऊन रायले होते.

मी म्हटलं, कोणती खोलाची?

सगळे वाटीत पाहाले लागले. म्हणजे ठरलेलं हाय.

प्रणिता मधात पडली. नात माही. मशिनीचं शिकली, नांदगाव पेठेत कापडाच्या कारखान्यात नोकरीले हाय. म्हणे, "असं नाही चालणार. तीन रविवार दोन्ही गाड्या चालवू. चांगली चालेल ती राहील." प्रणितावर मी अर्धाच संशय घेते. बाकीच्याइवर पुरा.

७ नोव्हें., गुरु

गाडी सुरू करून पायली. चोक ओढला, तिसऱ्या खेपेले लागली. दिवाळीच्या आधी दुसऱ्या खेपेले लागे. कोणीतरी हात लावला.

विनोद म्हणते, आई तुले गाडी कशाले पाहिजे, माही नवी हाय ना. त्याच्या नवीले चावी नाई, बटन हाय. ते बटन दाबाले त्याची परवानगी लागते. "रविवारी नेतो आई." दोन वर्षं झाले, वरूडले भावाकडं न्याचा रविवार आला नाई. शेवटी मीच गेली. सकाळी निघाली, संध्याकाळी संत्र्याची पेटी घेऊन घरी.

गाडी गेली त मी इचारून जाणारी बाई होईन. एवढंच हाय. बाकी मले त्या लोखंडाचा काही लळा नाई.

वहीले रबर उलटं लावून ठेवते. कोणी उघडली त समजन.

१० नोव्हें., रवि

पहिला रविवार. मी अम.हून निघाली, गजानन अको.हून. मधात मूर्तिजापूरले भेटलो, रशीद मिस्त्रीच्या गॅरेजात. दोन्ही गाड्या आधीपासून त्याच्याच हातच्या. म्हणून पंच तोच. पंचाचं मले आधी कोणी इचारलं नाई.

खरं लिहिते, माहंच नुकसान होते तरी.

तिथला उड्डाणपूल चढताना माही तिसऱ्या गिअरात गुदमरली, दुसरा टाकावा लागला. अको. तिसऱ्यातच चढली, वरून हॉर्न वाजवत. लिटरमागं माही नऊ गेली, तिची अकरा. पाणी माहीनं काहीच पेलं नाई. तिचीनं अर्धी बाटली. इंजिनाचं तेलबी तिची पेते, मागं निळा धूर. ब्रेक माहे, म्हणलं तिथं उभी. तिचीले ब्रेक दाबला का पुढच्या गावात थांबते.

आता पाहा. मी दर पंधरा दिवसाले ग्रीस भरते, सोता खाली सतरंजी टाकून. रेडिएटरचं पाणी रोज. अंगावर जुनी चादर. त्याइच्या गाडीले काय, नवे सीटकव्हर, गाण्याचा डबा, काचेवर लटकन. बॉनेट कोणी उघडत नाई. तरी ती पळते आन माही धापा टाकते. हे कसं?

रशीदनं कागदावर लिहून घेतलं. माह्याकडं पायलं नाई. तीस वर्षांचा मिस्त्री, आज काहून नाई पायलं?

११ नोव्हें., सोम

रातभर तेच डोक्यात. ती अको.ची गाडी म्हणजे आधीपासून लंगडी. पहिले चार वर्षं मी सोता ढकलली तिले. एकदा बोरगावच्या स्टँडवर, नवं लुगडं नेसून. इंदू स्टेरिंगवर आन मी मागं. मंग कधीतरी सुधारली. काहून सुधारली कोणी इचारलं नाई. मीबी नाई.

माही त चिखलदऱ्याचा घाट तिसऱ्यात चढे. मंग कमी झाली. आमचे हे म्हणत, गाडीचं वय झालं. मी मानलं. दोन्हीचं वय त एकच होतं.

पण मुद्दा तो नाई. मुद्दा हा का दिवाळीत गजाननं काही बदललं. सीटचा पुरावा हाय.

१४ नोव्हें., गुरु

सापडलं.

आमच्या याइले मिस्त्री लोकाइवर भरोसा नव्हता. एकदा परगावच्या कोण्या मिस्त्रीनं चांगला डायनामो ठेवून घेतला आन जुना लावून देला. तवापासून हे गाडीचे भाग खोलून भांड्याच्या दुकानात नेत. बाया ताट-वाट्याइवर नाव टाकाले रांगेत उभ्या, आन त्याइच्यात हे, हातात डायनामो. बाया पदर तोंडाले लावून हसत. तो नाव टाकणारा टोचून टोचून अक्षर काढे आन शेवटी पाच पाकळ्याचं फूल. त्याची सवयच ती. कढई असो का जॅक.

आज रॉकेलचा बोळा घेतला आन सगळं पुसून पायलं. जॅक: याइचं नाव, फूल. डायनामो: नाव, फूल. रेडिएटरचं झाकण: नाव, अर्धं फूल, जागा पुरली नाई.

कारबोरेटरच्या डोक्यावर उपड्या गडव्यासारखं एक भांडं असते. त्याच्यावर नाव टाकलेलं मले पक्कं आठवते. मीच म्हटलं होतं, "याच्यात पाणी पेता का?" आज पुसलं. कोरं. खरवडल्याची खूण नाई, काही नाई. हा आमचा कारबोरेटरच नाई.

म्हणून तिची पळते.

१५ नोव्हें., शुक्र

प्रणिताले एकटीले सांगतलं. गाडीत बसवून, काचा वर करून. तिनं बॉनेटखाली डोकं घातलं, बॅटरी मारून पायलं. म्हणे, "आजी, हा कारबोरेटर झिजलेला आहे खरं. पण नट तर कित्येक वर्षांत खोललेले दिसत नाहीत."

"ग्रीस चोपडलं असन वरून."

"गजाकाकाला कारबोरेटर कुठे असतो ते तरी माहीत आहे का?"

"त्याले सीट कुठं सरकवतात ते माहीत हाय."

प्रणिता हसली. म्हणे पुरावा पाहिजे. पुरावा अको.च्या बॉनेटखाली हाय, म्हटलं.

१७ नोव्हें., रवि

दुसरा रविवार. आज अकोल्यालेच गेली, इंदूच्या दारात. गाड्या बदलून चालवाच्या असं प्रणितानं ठरवलं होतं. तिची मी चालवली. स्टेरिंग ढिलं, अर्धा फेरा फिरवा तवा चाकाले समजते. मागच्या कमानीइचे पट्टे बसले, खड्ड्यात आपटते. डाव्या दाराले सुतळी. पण पाय टाकला का उचलते. ती उचल मले ओळखीची वाटली. आपल्या घरचं माणूस दुसऱ्याच्या घरात चालताना मागून ओळखू यावं तशी.

परत आल्यावर म्हटलं, बॉनेट उघडा.

इंदू म्हणे, "आधी च्या घ्या, बाई."

घेतला. म्हटलं, बॉनेट.

"पुरीचं पीठ भिजवलं, खाऊन घ्या."

खाल्लं. परत च्या. गजानन उठला बॉनेट खोलाले, त इंदू त्याच्या अंगावर वरडली, "राहू दे रे! गरम हाय. वायर अटकते तिची." तीनदा च्या केला तिनं. साखर दोनदा इसरली.

माय पोराले वाचवून रायली. मले काय समजत नाई?

सीटचं मात्र कबूल झालं. गजाननच्या मित्राचं लग्न हाय, नवरा-नवरीचे फोटो काढाले माही गाडी नेली होती. "तुमची चमकते ना, मोठी माय. आमचीवर फोटो चांगले येत नाईत." म्हणजे फोटोले माही आन ठेवाले तिची.

२० नोव्हें., बुध

एकटीच मूर्तिजापूरले गेली. घरी सांगतलं, देवळात जाते. रशीद गाडीखाली होता, पाय तेवढे बाहेर. पायाले चप्पल मारली.

"रशीद, गजाननं दिवाळीत माहा कारबोरेटर बदलला का?"

खालूनच बोलला, "नहीं भाभी. कसम से. गजानन को तो पाना पकड़ना नहीं आता."

"मंग कोणी बदलला?"

पान्याचा आवाज बंद झाला.

"बाहेर ये."

आला. हात पुसत रायला, पुसलेलेच. म्हणे, "भाभी, पुरानी गाडी आहे. पुरानी बात कशाले खोलता."

"मी गाडीचं इचारलं. बात तू कुठून आणली?"

त्यानं बाहेर च्या सांगतला. मी पेली नाई. सगळे मले च्या काहून पाजून रायले?

२४ नोव्हें., रवि

घरी येऊन चप्पल न काढताच लिहाले बसली.

तिसरा रविवार. रशीदच्या आवारात दोन्ही गाड्या नाकासमोर नाक. मी, प्रणिता, गजानन. इंदूबी आली, कधी येत नाई ती. विनोद फोनवर बोलत फाटकापाशी. मी रॉकेलचा बोळा पिशवीतूनच नेला होता. चाचणीच्या आधी सगळ्याइसमोर म्हटलं, माह्या गाडीतून कारबोरेटर चोरला. चोर याच आवारात हाय. गजाननचं तोंड पाहण्यासारखं झालं. खरं सांगते, त्याले खरंच काही ठाऊक नव्हतं. ते मले तवाच समजलं आन राग आला. चोर चुकला का राग येते.

बॉनेट मीच उघडलं. वायर कुठं अटकत नाई, लोण्यासारखी उघडली. त्या उपड्या गडव्यावर बोटभर काळं साचलेलं. पुसलं. आधी फूल निघालं. पाच पाकळ्या.

"पाहा!" म्हटलं. वरच्या बाजूले याइचं नाव, जुनं, फिकं. पक्कं. माह्या गाडीचा. "पाहा पाहा, सगळे या."

प्रणितानं माह्या हातातून बोळा घेतला आन खालून पुसलं. खाली अजून एक ओळ होती. मले वाचाले वेळ लागते. तिनं वाचली, हळू.

"सौ. इंदू हिस भाऊबीजेची सप्रेम भेट."

मंग परत याइचं नाव. साल. दुसरं फूल.

विनोदनं फोन खिशात घातला.

रशीद खाली पाहून म्हणे, "मैंने ही लगाया, भाभी. इसका उसमें, उसका इसमें. बडे भैया ने कसम दी थी, तुमको नहीं बताने का. उस साल अकोले वाली तीन बार रस्ते में बंद पडी थी, ये इंदू भाभी अकेली रहती गाडी में, फुलांच्या टोपल्या घेऊन."

मी इंदूकडं पायलं. तिनं पदर सारखा केला. "मी मागतला नव्हता, बाई."

"मंग सांगतलं काहून नाई?"

ती रशीदकडं पाहाले लागली.

गजानन भला पोरगा, बोलला, "मोठी माय, आत्ता काढतो, तुमचा तुमाले. रशीदचाचा, पाना आणा." इंदूनं त्याचा हात धरला. तिचा आवाज चढला. "भाऊबीज परत देत नसतात. मले भाऊ नव्हता. बाईले ठाऊक हाय."

मी बॉनेट आपटलं आन घरी आली. पूल दुसऱ्या गिअरात चढली.

२५ नोव्हें., सोम

त्या भाऊबीजेले मी कुठं होती? वरूडले. तवा दरवर्षी जाई तशी, माह्या भावाले ओवाळाले. हे म्हणे, माहं काम हाय, तू जा. मी एसटीनं गेली, कारण गाडी "दुरुस्तीले" होती. दुरुस्ती!

मी देला असता का, मले इचारलं असतं त? नसता देला. हे याइले ठाऊक होतं. म्हणून नाई इचारलं. एवढं मले समजते. पण गाडी माह्या नावावर. जे आपलं नाई ते माणूस भेट कसं देते? आन तवापासून घाटात मी त्या गाडीले शिव्या देल्या, रशीदले देल्या, पेट्रोलवाल्याले देल्या. हे बाजूले बसून ऐकत. खिडकीतून बाहेर पाहत.

प्रणिता म्हणे, आजी, चाचणी आता बाद. ज्याच्यात तो कारबोरेटर, ती जिंकणार. मंग प्रश्न एवढाच का तो कोणाचा.

पोरगी शिकलेली हाय. बरोबर बोलली.

२८ नोव्हें., गुरु

तुरीची डाळ उन्हात टाकाची म्हणून मोठा डबा रिकामा केला. स्टीलचा, झाकणाले कडी. याइनं देलेला. जन्मात दिवाळीच्या पाडव्याले याइनं मले काही देलं नाई. ओवाळलं का ताटात सुपारी टाकत. एकदाच हा डबा आणला, सोता, बाजारातून. मी इचारलं होतं, "आज काय सूर्य कुठून निघाला?" हसले नाई. म्हणे, "ठेव."

त्याच्यावर नाव हाय हे ठाऊक होतं. साल कधी वाचलं नव्हतं. आज डबा पालथा घालून, चष्मा लावून, एक एक आकडा वाचला.

सौ. कौसल्या हिस पाडव्याची सप्रेम भेट. पाच पाकळ्याचं फूल.

साल तेच.

पाडवा एक दिवस आन भाऊबीज दुसरा. दोन्ही एकाच खेपेत टोचून आणले. एका हातात डबा, एका हातात कारबोरेटर, त्या बायांच्या रांगेत उभे. माह्या गाडीचा जीव काढून मले डबा.

डाळ गोणपाटावर तशीच पडली. चिमण्या आल्या. हाकलल्या नाई.

३० नोव्हें., शनि

गजाननचा फोन. "मोठी माय, आई म्हणते जाऊ द्या. तुमचीच गाडी ठेवा. आमची खोला. तो कारबोरेटर तुमच्या गाडीले लावून टाका."

सहा दिवसांआधी म्हणे परत देत नसतात. आता एकदम घ्या? काहून? काही मागतलं नाई, भांडली नाई. घ्या म्हणे.

विनोदनं मागून ऐकलं. म्हणे, "आई, जिंकली तू. आता त खुश?"

म्हटलं, चुप बस. मंग गजाननले म्हटलं, तिले फोनवर बोलाव. गजानन म्हणे, आई फोनवर येत नाई. देवघरात बसली हाय.

काय हाय तिच्याजवळ जे ती गाडी देऊन झाकून रायली? का काहीच नाई, आन मीच खणून रायली? जर काही नाई त तोंडानं सांग. आन जर हाय तरी तोंडानं सांग. जिंकलेली गाडी मले अशी नोको, कोणाच्या गप्प बसण्यानं भेटलेली.

१ डिसेंबर, रवि

वहीचं रबर सुलटं होतं. विनोद, तू वाचलं. आता पुढचंबी वाच.

सकाळचे सात. गाडी अंगणात गरम होऊन रायली, तोवर लिहिते. पयल्या खेपेत लागली. याचाबी मले संशय हाय.

डबा बाजूच्या सीटवर ठेवला. रिकामा, धुतलेला, नावाचं तोंड वर. प्रणिता येते म्हणे, नाई म्हटलं. अकोल्याले मी एकटी जाते. त्याइच्या गाडीच्या बॉनेटवर डबा ठेवीन आन उभी राहीन. च्या पेणार नाई.

मी येईपर्यंत कोणी कोणत्याच गाडीले पाना लावाचा नाई. रशीदले फोन करून सांग. भंगारवाल्याले आज बोलावलं असशील त परत पाठव.

इंदूले दोनच गोष्टी इचाराच्या हायेत. तुले ठाऊक होतं का, का तो माह्या गाडीतला हाय? आन तू मागतला, का याइनं देला?

गजाननं उत्तर द्याचं नाई. रशीदनं नाई, त्यानं बोलून घेतलं. विनोद, तू त नाईच. प्रणितानं मशिनीचं सांगावं, माणसाचं नाई. इंदूनं द्याचं. तिनंच. दारात उभं राहून, माह्याकडं पाहून.